एका दिवसाचा ताप कुणाला परवडतो?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बौद्धवाड्यांत, कातकरी-ठाकरांच्या पाड्यांत फ्लूच्या लसीचा विषय काढला की तीन प्रश्न हमखास येतात. एक, आजवर कधी घेतली नाही, मग आताच कशाला? दोन, घेतल्यावर ताप येतो का? तीन, ताप आला आणि कामावर जाता आले नाही, तर त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे डॉक्टर देतात, सिस्टर देतात, आशाताई देतात. तिसरा प्रश्न आला की लोक हसतात. हसून झाल्यावर आपसांत म्हणतात, "हे लोक अडाणी, सुईला घाबरतात." आमचे म्हणणे असे की या तिघांतला खरा प्रश्न तिसराच आहे. तो विचारणाऱ्याला हिशेब येतो, म्हणून तो विचारतो. अडाणीपणाचा शिक्का मारून व्यवस्थेने या प्रश्नाचे उत्तर देणे वर्षानुवर्षे टाळले आहे.

गैरसमज नको म्हणून आमची भूमिका आधीच सांगतो. आम्ही लसीच्या बाजूचे आहोत. यंदा पावसाआधी आमच्यापैकी बहुतेक कार्यकर्त्यांनी फ्लूची लस आयुष्यात पहिल्यांदा घेतली. लोकांना सांगायचे तर आधी स्वतःच्या दंडावर टोचून घ्यावी, हा साधा विचार. सगळ्यांचा दंड दुखला. दोघांना रात्री कणकण आली, अंग मोडून आले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उतरले. पाड्यावर आम्ही हे जसेच्या तसे सांगितले. "काही होत नाही" असे एकदाही म्हटले नाही. कारण "काही होत नाही" हेच वाक्य अफवेला जन्म देते. ज्याला असे सांगून टोचले त्याला रात्री ताप आला, की सकाळी सगळा पाडा म्हणतो, "बघा, फसवले." मग पुढची पाच वर्षे तिथे कुठलीच लस चालत नाही.

लस आणि ताप : जे आहे ते

फ्लू म्हणजे नाक गळणारी साधी सर्दी नव्हे. बहुतेक धडधाकट माणसे आठवडाभरात बरी होतात हे खरे. पण गरोदर बाई, पाच वर्षांच्या आतले मूल, म्हातारी माणसे, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेले यांना तो न्यूमोनियापर्यंत नेतो. वीटभट्टीच्या धुरा-धुळीत वर्षानुवर्षे काढलेल्या छातीचेही तेच. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला, ती शाळकरी मुलगी होती. तो विषाणू नंतर कुठे गेला नाही. आता तो दरवर्षीच्या साध्या फ्लूचाच एक प्रकार होऊन राहिला आहे.

हा विषाणू रूप बदलतो, म्हणून लसही बदलावी लागते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते प्रकार घालायचे ते सांगते. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो आणि दुसरा जोर जानेवारी ते मार्च. संरक्षण उभे राहायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये लस घेणे शहाणपणाचे. मोठ्या माणसाला एक डोस पुरतो. सहा महिने ते आठ वर्षांचे मूल पहिल्यांदाच लस घेत असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. ही गोष्ट पाड्यावर कुणी सांगत नाही आणि मूल अर्ध्या संरक्षणावर राहते.

आता त्रासाचे. टोचायच्या लसीतला विषाणू मारलेला असतो, त्यामुळे लसीने फ्लू होत नाही. टोचलेली जागा दुखते, लाल होते, थोडी सुजते. काहींना बारीक ताप, डोकेदुखी, अंगदुखी होते. शरीर विषाणूची ओळख करून घेते आणि लढायची तयारी करते, त्याची ती धग. एक-दोन दिवसांत जाते. याहून गंभीर म्हणजे तीव्र अ‍ॅलर्जी : अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणे, श्वास अडकणे. दहा लाख डोसांमागे साधारण एक-दोन जणांना असे होते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच होते. म्हणून लस घेतल्यावर अर्धा तास केंद्रावर बसायचे. त्यावरचे इंजेक्शन तिथे तयार आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

दुसरा गंभीर त्रास म्हणजे जीबीएस, म्हणजे हातापायांतली ताकद जाणे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात याची साथ आली तेव्हापासून हा शब्द आपल्या वाड्यांतही पोहोचला आहे. ती साथ लसीमुळे आली नव्हती. तिचा संबंध दूषित पाण्यातल्या जंतूशी जोडला गेला. फ्लूच्या लसीनंतर दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला जीबीएस होऊ शकतो. खुद्द फ्लू झाल्यावर होण्याची शक्यता त्याहून जास्त असते. अमेरिकेत १९७६ मध्ये स्वाइन फ्लूच्या लसीनंतर सुमारे लाखामागे एक जादा रुग्ण दिसला, तेव्हा साडेचार कोटी लोकांना टोचून झालेली मोहीम सरकारने डिसेंबरमध्ये थांबवली. आम्ही हे लोकांपासून लपवत नाही. नोंद ठेवली, मोजले, म्हणूनच ते कळले आणि थांबवता आले.

ज्याला आधीच्या फ्लूच्या डोसाने तीव्र अ‍ॅलर्जी झाली होती त्याने ही लस घेऊ नये. आधी कधी जीबीएस झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. अंगात चांगलाच ताप असेल तर उतरेपर्यंत थांबावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती देत नाहीत. त्याचे रक्षण आईने गरोदरपणात घेतलेल्या लसीने होते.

आणि लस म्हणजे चिलखत नव्हे. लसीतले प्रकार आणि फिरणारे प्रकार जुळले त्या वर्षी ती डॉक्टरकडे जायची पाळी ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण दवाखान्यात भरती होण्याची आणि मरणाची भीती कमी होते. एवढे खरे सांगितले तरी माणसे लस घेतात, हा आमचा अनुभव आहे.

ताप एकच, किंमत वेगळी

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. ठाण्या-कल्याणच्या कार्यालयात बसणाऱ्याला लसीनंतर ताप आला तर तो एक रजा टाकतो. पगार कापला जात नाही. गोळी घेतो, झोपतो, तिसऱ्या दिवशी कामावर. त्याच्यासाठी साइड इफेक्ट म्हणजे अंगदुखी.

दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी जोडप्याचे काय? तिथे मजुरी हजार विटांवर मोजतात. दोघांपैकी एक जण दिवसभर पडून राहिला की जोडीच्या विटा कमी होतात, उचल फिटत नाही, पुढच्या हंगामाचे पाय आजच बांधले जातात. आवणीच्या दिवसांत रोजाने जाणाऱ्या बाईचे तसेच. आवणीचे दिवस मोजके. त्यांतले दोन गेले तर ते वर्षात परत येत नाहीत. तिच्यासाठी साइड इफेक्ट म्हणजे चुलीवरचे भांडे.

समाजशास्त्र शिकताना आम्ही वाचले की आजार शरीराला होतो, पण त्याची किंमत समाजातली जागा ठरवते. पाड्यावर ते आकड्यांत दिसते. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. खाजगी दवाखान्यात फ्लूची लस दीड हजाराच्या पुढेमागे पडते. म्हणजे लसीसाठी पाच दिवसांची मजुरी, वर ताप आला तर आणखी दोन दिवसांची. एका माणसामागे आठवडा गेला. हा हिशेब करून लस नाकारणाऱ्या माणसाला अडाणी म्हणणाऱ्याने आधी स्वतः आठवड्याचा पगार सोडून दाखवावा.

सरकारी लस मोफत आहे ना, असे कुणी म्हणेल. महाराष्ट्राने २०१५ पासून गरोदर बाया, मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस मोफत देण्याचे धोरण घेतले. चांगले केले. पण देशाच्या नियमित लसीकरण कार्यक्रमात फ्लूची लस नाही, त्यामुळे तिची मागणी, साठा, वेळ यांची शिस्त नाही. आमच्याबरोबर आलेल्या दोन गरोदर बाया एका केंद्रावरून तीन वेळा परत गेल्या : एकदा साठा नाही, एकदा सिस्टर मीटिंगला, एकदा "पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात पाऊस लागला होता. तानसा-भातसाचे पाणी शहापुरातून मुंबईला रोज न चुकता पोहोचते. लसीच्या पेटीला मात्र उलट दिशेने यायला इतका उशीर का लागतो?

मजुरीची भरपाई ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. नसबंदी करून घेणाऱ्याला बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याची केंद्र सरकारची योजना १९८१ पासून आहे. म्हणजे गरिबाने मूल होणे थांबवावे यासाठी त्याच्या मजुरीचा हिशेब सरकारला कळतो, पैसेही देता येतात. त्याच गरिबाने जगावे यासाठी टोचायची वेळ आली की तो हिशेब का कळत नाही?

संमती मागा, हुकूम सोडू नका

आपल्या चळवळीतलेही काही साथी म्हणतात, लसी म्हणजे आपल्या लोकांवरचे प्रयोग. हा संशय हवेतून आलेला नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस एका प्रकल्पात दिली गेली. त्यांत आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या मुली होत्या. अनेक ठिकाणी संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या, मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. सात मुलींचे मृत्यू लसीमुळे झाले नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. पण संमतीच्या प्रकारावर संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले.

या घटनेतून लस वाईट असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ती लस आज जगभर बायकांचे जीव वाचवते. निष्कर्ष असा की आदिवासी आईची सही कुणी दुसऱ्याने करायची नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ च्या निकालात सांगितले की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, शरीरावरचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो. लसीनंतर झालेल्या त्रासाची नोंद लोकांना आणि खाजगी डॉक्टरांनाही करता यावी आणि ती सगळ्यांना बघता यावी, असेही त्याच निकालात आहे. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने न्यायालयात भूमिका मांडली की लस ऐच्छिक होती, त्रासाच्या भरपाईसाठी सरकारला जबाबदार धरता येणार नाही. ब्रिटनमध्ये १९७९ पासून लसीने इजा झालेल्यांना रक्कम देण्याचा कायदा आहे. अमेरिकेनेही १९८६ मध्ये असा कायदा केला. लाखात एखाद्याला होणारा त्रास त्या एकट्याने का सोसायचा? त्याने लस घेतली त्याचा फायदा साऱ्या गावाला झाला, तर त्याचे नुकसानही साऱ्यांनी वाटून घ्यायला नको का?

न घेण्याची किंमत कोण देतो

लस नसते तेव्हा काय होते, हेही आपल्याच लोकांच्या रक्तात लिहिलेले आहे. १९१८ च्या फ्लूने भारतात एक कोटीहून अधिक माणसे मेली. एकट्या मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साथीतला मुंबईचा मृत्युदर जातवार मोजला गेला. युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, वरच्या जातींच्या रकान्यातल्या हिंदूंत १८.९ आणि "खालच्या जाती" असे ज्यांना लिहिले त्यांच्यात हजारी ६१.६. विषाणूला जात ठाऊक नव्हती. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीला, अर्धपोटी छातीला आणि बंद दवाखान्याला ती ठाऊक होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. हे शहर कुणाचे मरण कसे मोजते, हे त्यांच्या डोळ्यांसमोरचे होते.

म्हणून लस नाकारण्यात कुणाला क्रांती दिसत असेल तर तिची किंमत हजारी ६१.६ वालेच देणार आहेत. ज्यांच्याकडे खाजगी दवाखाना आणि रजा आहे, ते नव्हे.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर उचलून दवाखान्यात नेताना संसर्ग होऊन गेल्या. तथागतांनी अतिसाराने पडलेल्या, कुणी न विचारलेल्या भिक्खूला आनंदाबरोबर स्वतः धुऊन काढले आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा असे संघाला बजावले. कालामांना त्यांनी सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका. तपासा, हिताचे दिसले तर स्वीकारा. ही कसोटी भगताच्या अंगाऱ्याला लागते, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओला लागते आणि सरकारी पत्रकालाही लागते. फ्लूची लस या कसोटीवर उतरते, असे आम्ही तपासून सांगतो. तुम्हीही तपासा.

विश्रांती म्हणजे मजुरीसह विश्रांती

जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांच्या प्रसूतीविषयीच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर तिला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्या विश्रांतीचा भार एकट्या तिच्यावर पडू नये, ही त्यांची भूमिका होती. पगाराशिवाय सांगितलेली विश्रांती म्हणजे उपासमार, हे त्या भूमिकेचे सार. पुढे कामगार राज्य विमा कायदा १९४८ मध्ये आला, आजारपणात मजुरीचा भाग देणारा. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कायम कामगाराला तो मिळतो. वीटभट्टीच्या उचलीवाल्यापर्यंत आणि आवणीच्या रोजदार बाईपर्यंत तो पोहोचलेला नाही. अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगतो. मग लसीनंतर "दोन दिवस आराम करा" असे सांगणाऱ्या राज्याने त्या आरामाचे पैसे कुठून येणार, हेही सांगावे.

आमच्या मागण्या अशा :

१. एप्रिल संपण्याआधी दोन्ही तालुक्यांतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात लसीचा साठा यावा. मोफत गटांत लहान मुले, वयस्क, दमेकरी आणि वीटभट्टी मजूर यांचा समावेश व्हावा.

२. भट्टीवर असलेल्यांना भट्टीवर जाऊन लस द्यावी. परतणाऱ्यांना आवणी लागण्याआधी पाड्यावर द्यावी. नोंदणीसाठी ॲपची अट नको. मे २०२१ मध्ये ऑनलाइन नोंदणीमुळे खेड्यातल्या केंद्रांवर शहरातल्या गाड्या उभ्या राहिल्या आणि गावची माणसे झाडाखाली बसून राहिली, ते पुन्हा नको.

३. टोचण्याआधी त्रासाची पूर्ण माहिती लोकांच्या बोलीत तोंडी सांगावी आणि कागदावर द्यावी. सही त्या माणसाचीच.

४. रोजंदारीवरच्या माणसाला लसीच्या दिवसाची आणि ताप आला तर दुसऱ्या दिवसाची मजुरी रोजगार हमीच्या दराने मिळावी. नसबंदीला जमते ते इथेही जमेल.

५. प्रत्येक केंद्रावर त्रासाची नोंदवही असावी आणि तिचा महिन्याचा गोषवारा ग्रामसभेत वाचावा.

या मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. लसीनंतर कणकण आली तर भरपूर पाणी प्या, पॅरासिटामॉल घ्या. दोन दिवसांनी ताप उतरला नाही, हातपाय लुळे वाटले किंवा श्वास अडकला तर १०८ ला फोन करा. औषधाच्या त्रासाची तक्रार १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर स्वतः नोंदवता येते. लस घेतली नसली आणि फ्लू झालाच, तर पहिल्या दोन दिवसांत सरकारी दवाखान्यात जा. त्यावरची गोळी लवकर घेतली तरच नीट लागू पडते.

आणि एक प्रश्न आपल्या मंडळांना. १४ एप्रिलपासून बुद्ध पौर्णिमेपर्यंतचा काळ हाच फ्लूच्या लसीचा नेमका काळ आहे. जयंतीच्या वर्गणीतला डीजेचा एक तास कमी केला, तर वाडीतल्या किती रोजंदार बायांची दोन दिवसांची मजुरी निघते? विहारात बसून हिशेब करा. आषाढ पौर्णिमेला वर्षावास बसेल, विहारे भरतील, ग्रंथवाचनाला म्हातारी माणसे खांद्याला खांदा लावून बसतील, तेव्हा बाहेर पाऊस असेल आणि फ्लूही असेल. त्याआधी ज्याच्या दंडाला सुई लागायची त्याला लागली पाहिजे, आणि त्या सुईपायी कुणाची चूल विझता कामा नये.

जय भीम!